ग्रेचं पुस्तक, कार्टरची नोंदवही

मेडिकलला गेलेला एखादा तरी मित्र प्रत्येकाला असतो. त्याच्या खोलीवर गेलात तर टेबलावर नाहीतर उशीच्या खाली एक जाडजूड पुस्तक हमखास सापडतं : 'ग्रेज ॲनाटॉमी'. १८५८ साली ते पहिल्यांदा छापलं गेलं आणि अजून त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. त्याच्या नावावर कोटी करून निघालेली अमेरिकन मालिकाही आपल्यापैकी अनेकांनी रात्र रात्र जागून पाहिली आहे. ग्रे हे नाव त्यामुळे सगळ्यांना ठाऊक. पण ते पुस्तक इतकं चाललं ते त्यातल्या चित्रांमुळे, आणि ती चित्रं ग्रेनं काढलेली नव्हती. ती ज्यानं काढली तो माणूस पुढची तीस वर्षं आपल्या मुलखात, मुंबईला आणि साताऱ्याला, सरकारी नोकरीत होता आणि त्यातली बरीच वर्षं कुष्ठरोगाच्या मागावर होता. हे मात्र त्या मेडिकलच्या मित्रालाही बहुधा माहीत नसतं. विचारून बघा.

त्याचं नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर. जन्म २२ मे १८३१, इंग्लंडमधल्या हल या गावी. वडील हेन्री बार्लो कार्टर हे समुद्राची, गलबतांची चित्रं रंगवणारे चित्रकार. घर स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात. मुलाचं मधलं नावसुद्धा एका प्रसिद्ध चित्रकाराचं! एक भाऊ चित्रकारच झाला. हेन्रीनं मात्र डॉक्टरकीची वाट धरली आणि लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये शिकायला गेला. घरची परिस्थिती बेताची होती, ओळखीपाळखी नव्हत्या. स्वभाव भिडस्त, सतत स्वतःला तपासत बसणारा. हे आपल्याला कळतं कारण तो रोजनिशी लिहायचा. त्या वह्या लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

त्याच हॉस्पिटलात हेन्री ग्रे नावाचा थोडा वरच्या पायरीवरचा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी डॉक्टर होता. विद्यार्थ्यांना परवडेल आणि कळेल असं शरीररचनेचं पुस्तक काढायचं त्याच्या मनात आलं. मजकूर ग्रेचा, चित्रं कार्टरची. दोघांनी मिळून सुमारे दीड वर्ष शवविच्छेदन केलं. पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं आहेत. आता इथे आपल्या ब्रँचच्या लोकांनी जरा थांबावं. त्या काळी चित्र छापायचं तर ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरावं लागे, आणि कोरण्याआधी त्या ठोकळ्यावर उलटं काढावं लागे, म्हणजे आरशात दिसतं तसं. कार्टरनं ती चित्रं थेट लाकडावर, उलटी काढली. फर्स्ट इयरला प्रोजेक्शनच्या शीटवर डावं-उजवं करताना आपली काय तारांबळ उडते ते आठवा! शिवाय त्यानं आणखी एक शहाणपणा केला. त्याआधीच्या पुस्तकांत आकृतीला अ, ब, क अशी अक्षरं द्यायचे आणि मग खाली यादी शोधत बसायला लागायचं. कार्टरनं स्नायूचं, नसेचं नाव थेट त्या स्नायूवर, त्या नसेवर लिहिलं. नकाशावर नदीच्या बाजूने नदीचं नाव लिहितात ना, तसं.

या कामाचे कार्टरला एकरकमी १५० पौंड मिळाले. ग्रेला मात्र दर हजार प्रतींमागे १५० पौंड ठरले होते. पुस्तकाच्या पहिल्या पानाचा नमुना छापून आला तेव्हा दोघांची नावं सारख्याच टाइपात होती. ग्रेनं प्रूफावर खूण करून कार्टरचं नाव लहान करायला सांगितलं. पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर इंग्लंडात नव्हताच. १८५८ च्या सुरुवातीलाच तो मुंबईच्या जहाजात बसला होता. ग्रे तरी फार जगला कुठे? १८६१ मध्ये देवी येऊन तो गेला, चौतिसाव्या वर्षी. तेव्हा वाटणीचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही. असो.

मुंबईत डॉ. कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. शेजारीच जे. जे. हॉस्पिटल. इथे येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच त्यांनी पहिलं मोठं काम केलं. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या पायात काटा रुतून एक विचित्र रोग व्हायचा. पाय सुजून भप्प व्हायचा, त्याला भोकं पडायची आणि त्यातून काळे दाणे बाहेर पडायचे. लोक त्याला 'मदुरा फूट' म्हणत. कार्टरनी ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि हा बुरशीचा रोग आहे असं १८६० मध्ये दाखवलं. 'मायसिटोमा' हे त्याचं नावही त्यांनीच दिलं. काटा रुतणारा माणूस म्हणजे गरीब माणूस. या डॉक्टरांचं लक्ष कुठे जायचं ते इथूनच दिसतं.

त्याच सुमारास कुष्ठरोग त्यांच्या समोर आला. आपल्याकडे या रोगाला महारोग, रक्तपिती अशी नावं होती, आणि त्या नावांतच माणसाला गावाबाहेर काढण्याची व्यवस्था होती. (पांढऱ्या कोडाशी याचा काडीचा संबंध नाही, तरी अजून लोक गल्लत करतात.) मुंबईत असे रुग्ण धर्मशाळांत, देवळांच्या आणि दर्ग्यांच्या बाहेर दिसत. काही जे. जे. मध्ये येत, तिथेच मरत. कार्टरनी अशा मृतांची शवविच्छेदनं केली आणि नसा उघडून पाहिल्या. हाताच्या कोपरापाशी जी नस जाते, आपल्याला कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती, ती या रुग्णांत जाड झालेली, आतून बिघडलेली त्यांना दिसली. १८६२ मध्ये त्यांनी हे मुंबईच्या वैद्यकीय सोसायटीच्या नियतकालिकात छापलं, चित्रं अर्थातच स्वतःची.

हे का महत्त्वाचं? कारण बोटं झडण्याचं कोडं त्यातून सुटतं. लोकांना वाटायचं, रोग बोटं खातो. खरं तर रोग नस मारतो. नस मेली की संवेदना जाते. मग तव्याचा चटका कळत नाही, चपलेतला खिळा कळत नाही, जखम होते, चिघळते, आणि बोटं हळूहळू आखूड होत जातात. सेन्सर बंद पडलेलं मशीन चालवत राहिलो तर काय होईल, तेच.

मधल्या काळात घरचं मात्र बिघडलं होतं. १८५९ च्या शेवटी मुंबईत त्यांचं लग्न झालं आणि ते टिकलं नाही. एक मुलगी झाली. बायकोच्या आधीच्या आयुष्याबद्दल नको त्या गोष्टी बाहेर आल्या, आणि मुंबईतला गोरा समाज म्हणजे एक मोठं खेडंच, कुजबुजीला ऊत आला. कार्टर वेगळे राहू लागले. लोकांनी तोंड फिरवणं म्हणजे काय, याची थोडीफार चव या माणसानं स्वतः घेतली होती. त्याचा त्यांच्या पुढच्या कामाशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही, म्हणून जोडत नाही.

१८६३ मध्ये ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून गेले. त्याच वर्षी बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला होता. मुंबईहून निघालेली गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणवरून घाटाकडे, तोच आपला रोजचा रस्ता. पुण्यापुढे साताऱ्यापर्यंत मात्र सडक. साताऱ्यात ते जवळजवळ नऊ वर्षं राहिले. दवाखाना, तुरुंगातले कैदी, साथी असं सगळं त्यांच्या अंगावर. आणि या आडबाजूच्या गावात बसून त्यांनी असा प्रश्न हातात घेतला ज्याला चाकू किंवा सूक्ष्मदर्शक पुरत नाही : या मुलखात कुष्ठरोगी आहेत किती, राहतात कुठे, आणि त्यांना हा रोग कुठून येतो?

त्या वेळी विलायतेत या प्रश्नाचं उत्तर मिळालंय असं सगळे समजत होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं साम्राज्यभर प्रश्नावली पाठवून, डॉक्टरांची मतं गोळा करून १८६७ मध्ये निकाल दिला होता की कुष्ठरोग संसर्गानं होत नाही. मत गोळा करणं आणि मोजणं यात फरक असतो. फीडबॅक फॉर्म भरून आपण तो दर सेमिस्टरला अनुभवतोच. त्याच वर्षी मुंबई इलाख्यातही गावोगावच्या रुग्णांच्या याद्या सरकारनं मागवल्या होत्या. त्या याद्यांचे ढीग कार्टरनी समोर घेतले आणि जिल्ह्याजिल्ह्यानं, जातीपातीनं, वयानं, बाई-पुरुषानं त्यांची फोड केली. १८७२ मध्ये हा अहवाल छापून आला. संगणक सोडा, साधं गणनयंत्रही नसलेला तो काळ. सगळं हातानं.

या याद्यांकडे आज पाहताना त्यांतल्या भेगा दिसतात. गावात कोण महारोगी आहे हे सांगणार कोण? गावकामगार. तो डॉक्टर नव्हे. बोटं झडलेला माणूस त्याला ओळखू येईल. पण पाठीवर एक फिकट, बधिर चट्टा असलेला तरुण त्याला कसा कळणार? घरातल्या बायका तर परक्या पुरुषापुढे येणारच नाहीत. म्हणजे बायकांचा आकडा आपोआप कमी. आणि सगळ्यात मोठी भेग ही की ज्याला गावानं हाकलून दिलं, तो गावच्या यादीत नसतोच. तो कुठेतरी रस्त्यावर, तीर्थाच्या ठिकाणी किंवा मुंबईच्या धर्मशाळेत असतो. रोग जितका लाजेचा, तितकी त्याची यादी खोटी. मोजणाऱ्याला हे आधी सोडवावं लागतं, बाकीचं गणित नंतर.

तरी त्या याद्यांतून एक गोष्ट ठसठशीत दिसत होती. रोग घराघरांत गोळा झालेला होता. बापाला आहे, मुलाला आहे, काकाला आहे. यावरून कार्टरनी तेव्हा जो अर्थ काढला तो त्या काळच्या बहुतेक शहाण्या माणसांनी काढला असता : हा रक्तातून, पिढीजात येणारा रोग आहे. आकडे बरोबर, अर्थ चुकीचा. कारण एका घरात राहणारी माणसं रक्तानं जोडलेली असतात हे खरं, पण ती एकाच खोलीत झोपतात, एकाच हवेत श्वास घेतात, हेही तितकंच खरं. एकाच तक्त्यातून दोन्ही अर्थ निघतात आणि तक्ता स्वतःहून काही बोलत नाही. सांख्यिकीच्या लेक्चरला 'कोरिलेशन' आणि 'कॉजेशन' यांवर सर जे बोलतात, त्याचं याहून चांगलं उदाहरण निदान मला तरी माहीत नाही.

१८७२ मध्ये ते रजेवर विलायतेला गेले. दुसरा कोणी असता तर आराम केला असता. हे गेले नॉर्वेला.

नॉर्वे का? तर तेव्हा युरोपात कुष्ठरोग फार ठिकाणी उरला नव्हता, पण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब शेतकरी-कोळ्यांत तो भरपूर होता. आणि तिथे १८५६ पासून असं एक काम चालू होतं जे जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं : एका रोगाची राष्ट्रीय नोंदवही. जिल्ह्याजिल्ह्याचे डॉक्टर आपल्या भागातला प्रत्येक कुष्ठरुग्ण नावानिशी नोंदवायचे. नाव, गाव, वय, रोग कधी दिसला, घरात आणखी कोणाला आहे, माणूस कुठे राहायला गेला, कधी वारला. सुरुवातीला सुमारे अठ्ठावीसशे जणांची नोंद झाली, आणि मग वर्षानुवर्षं त्याच माणसांचा पाठपुरावा. साताऱ्यातली यादी म्हणजे एका दिवशी काढलेला फोटो होता आणि ही नोंदवही म्हणजे वर्षानुवर्षं चाललेलं चलच्चित्र. कुष्ठरोगासाठी हा फरक प्राणाचा आहे, कारण याचा जंतू कमालीचा आळशी. एकाचे दोन व्हायलाच त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. शरीरात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं, कधीकधी वीस वर्षंसुद्धा. कारण आणि परिणाम यांत इतकं अंतर असेल तर एका दिवसाच्या मोजणीतून काय कळणार?

बर्गन शहरात तेव्हा दोन डॉक्टर होते आणि दोघांचं पटत नव्हतं. ज्येष्ठ डॅनिएलसन म्हणजे कुष्ठरोगावरचा जगातला मोठा अधिकारी, आणि ठाम मत की रोग आनुवंशिक. त्यांचा जावई गेरहार्ड आर्मावर हॅन्सन. त्याला नोंदवहीतले आकडे वेगळं सांगत होते, आणि २८ फेब्रुवारी १८७३ रोजी त्यानं रुग्णाच्या गाठीतल्या पेशींत काड्यांसारखे जंतू पाहिले. त्याच वर्षी कार्टर बर्गनला पोचले. हॅन्सनचं काम त्यांनी जवळून पाहिलं, रुग्णालयं पाहिली, नोंदवही कशी ठेवतात ते पाहिलं. आणि मत बदललं. आपणच वर्षभरापूर्वी छापलेल्या अहवालाचा निष्कर्ष त्यांनी बाजूला ठेवला आणि रोग माणसाकडून माणसाला लागतो या बाजूला ते आले. तेही अशा वेळी, जेव्हा रॉयल कॉलेजचं मत उलट होतं आणि हॅन्सनवर त्याच्याच देशात फारसा कोणाचा विश्वास बसत नव्हता. हॅन्सन पुढे १८८८ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथे स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन रुग्णांची मुलं-नातवंडं शोधत हिंडला. एकालाही रोग नव्हता. रक्तातून येत असता, तर समुद्र ओलांडल्यावर थांबला कसा? पण हा पुरावा पंधरा वर्षांनंतरचा. कार्टरनी त्याची वाट पाहिली नाही.

१८७४ मध्ये त्यांचा नॉर्वेवरचा अहवाल निघाला, त्यात भारतात काय करता येईल याचीही चर्चा. त्याच वर्षी त्यांचं कुष्ठरोग आणि हत्तीरोगावरचं मोठं पुस्तक, स्वतःच्या चित्रांसह. रजेतच इटलीचा उत्तर भाग, ग्रीक बेटं, पॅलेस्टाइन इथले रुग्णही ते पाहून आले. परतल्यावर काठेवाडात गावोगाव फिरून त्यांनी तिथल्या रोगाची पाहणी केली.

आता अवघड भाग. कार्टरनी सरकारला सुचवलं काय? रुग्ण शोधा, नोंदवा, आणि त्यांना वेगळं ठेवा. त्यासाठी ठिकठिकाणी आश्रमासारख्या वसाहती काढा, आणि लागलं तर कायदा करा. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. माणसाला नोंदवायचं, ते त्याला घरातून उचलण्यासाठी! पण त्यांच्या हातात दुसरं होतं काय? औषध नव्हतं. त्याच दशकात त्याच शहरात डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठीच्या बियांचं तेल देऊन रुग्णांवर उपचार करत होते आणि अनेकांना गुण आल्याचं लोक सांगत. पण भाऊंनी ते औषध गुप्त ठेवलं आणि १८७४ मध्ये ते वारले. त्या तेलानंही रोग मुळातून जात नव्हता, हे नंतर कळलं. उपचार नसताना केलेली यादी शेवटी पोलिसांची यादी होते, मग ती करणारा कितीही भला असो. कार्टरना हे किती जाणवलं असेल, सांगता येत नाही. मला स्वतःला त्यांचं मोजणं पटतं, त्यांचा उपाय पटत नाही.

सरकारनं या सूचनांवर फारसं काही केलं नाही. खर्च नको होता, आणि १८५७ नंतर लोकांच्या घरात शिरण्याची धास्तीही होती. फाइल फिरत राहिली. जनगणनेत मात्र कुष्ठरोग्यांचा वेगळा रकाना आला आणि तो १९३१ पर्यंत राहिला. १८९१ चा आकडा होता सव्वा लाखाच्या आसपास, अर्थात वर सांगितलेल्या सगळ्या भेगांसकट.

कार्टर मुंबईत परतले, ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्यात एक उलटून येणारा ताप पसरला. कार्टरनी त्या रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू शोधले, माकडांवर प्रयोग केले, आणि १८८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मलेरियाचा परजीवी फ्रान्सच्या लॅव्हरननं १८८० मध्ये अल्जीरियात पाहिला होता. भारतातल्या रुग्णांच्या रक्तात तो पाहून नोंदवणाऱ्या पहिल्या काहींत कार्टर होते. इतकं काम एका माणसानं, त्या काळच्या सूक्ष्मदर्शकावर, मुंबईच्या उकाड्यात! १८८८ मध्ये ते निवृत्त होऊन स्कारबरोला गेले. १८९० मध्ये दुसरं लग्न केलं. मुलं झाली.

त्याच १८९० मध्ये मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला. तो म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकारानं झाला. आजचं वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. (मराठीच्या विद्यार्थ्यांना हे नाव दुसरीकडून माहीत असेल. शाळिग्रामांबरोबर जुने ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापणारे ॲकवर्थ हेच.) १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा झाला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार त्यानं दिला. तो पुस्तकातून पूर्णपणे निघायला २०१६ साल उजाडलं. कार्टर हा कायदा होण्याआधीच, ४ मे १८९७ रोजी गेले. मृत्यू क्षयानं झाला. क्षयाचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू एकाच कुळातले, चुलतभाऊ म्हणा.

त्यांनी मांडलेलं गणित मात्र त्यांच्यामागे चालू राहिलं आणि फार उशिरा सुटायला लागलं. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं. पहिल्यांदाच यादीत नाव येण्यात माणसाचा फायदा होता. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं आणि डॉ. र. वि. वारदेकरांनी तिथे एक साधी पद्धत बसवली : घरोघर जाऊन पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार, तिन्ही एकदम, आणि उपचार रुग्णाच्या घरीच, गावातच. ठराविक लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ता, त्याच्याकडे प्रत्येक घराची नोंद. बर्गनची नोंदवहीच म्हणायची, फक्त तिच्या शेवटच्या रकान्यात आता आश्रमाच्या जागी गोळी होती. १९५५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमानं हीच वाट धरली. १९८० च्या दशकात तीन औषधांचा एकत्र उपचार आला. सहा महिने किंवा बारा महिने, पूर्ण फुकट, आणि सुरू केल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला धोका राहत नाही.

डिसेंबर २००५ मध्ये भारतानं कुष्ठरोगाचं 'निर्मूलन' झाल्याचं जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांमागे उपचाराखालचे रुग्ण एकापेक्षा कमी. इथेही आकडा नीट वाचावा लागतो. उपचाराखालच्या रुग्णांची संख्या ही नवे रुग्ण गुणिले उपचाराचा काळ अशी असते. उपचार काही वर्षांवरून एका वर्षावर आला की, नवे रुग्ण तेवढेच राहिले तरी आकडा खाली येतो. टाकीतलं पाणी कमी झालं म्हणून नळ बंद झालाय असं होत नाही! त्यानंतरच्या दशकभरात देशात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतच राहिले, आणि घरोघरचा शोध मात्र मंदावला. २०१६ मध्ये शोधमोहिमा पुन्हा जोरात सुरू कराव्या लागल्या. महाराष्ट्रात गडचिरोली-चंद्रपूरबरोबर आपला शेजारचा पालघर, जो २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, तिथल्या आदिवासी पाड्यांत हे काम अजून संपलेलं नाही.

आणि यादीत न बसणारी माणसं? ती आपल्या रस्त्यावरच आहेत. कल्याणहून शिळफाट्याकडे जाताना पत्रीपूल लागतो. तिथल्या ट्रॅफिकमध्ये आपण सगळेच कधी ना कधी अडकून शिव्या घातल्या आहेत. त्याच्या जवळ हनुमाननगरची कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. अशा वसाहतींत गाव सोडून आलेली, बऱ्याचदा गावानं सोडलेली माणसं राहतात. रोग बरा झालेला असतो. बोटं परत येत नाहीत आणि गावही परत घेत नाही. या वसाहतीत वर्षानुवर्षं काम करणारे डोंबिवलीचे गजानन माने, पूर्वीचे नौसैनिक, यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

बर्गनच्या नोंदवह्या २००१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या कागदपत्रांत घेतल्या. आपल्याकडची नोंदवही आता संगणकावर आहे. मोहिमेच्या दिवसांत आशाताई आणि तिच्याबरोबर एक पुरुष स्वयंसेवक दारोदार फिरतात. पुरुषांना पुरुष तपासतो, बायकांना बाई. साताऱ्याच्या याद्यांतली ती एक भेग अशी बुजवलीय. त्या दोघांचा प्रश्न अगदी साधा असतो : अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, आणि तिथे स्पर्श कळतो का? आपल्या हॉस्टेलच्या दारात ते आले तर झोपमोड झाली म्हणून दार लावून घेऊ नका. शर्ट काढून पाठ दाखवायला दोन मिनिटं पुरतात.